पवनेचे पाणी आणि भिगवणचे जाळे

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



किनारा, मासेमारी आणि हवामानबदल असे शब्द एकत्र आले की आपल्या डोळ्यांसमोर कोकण उभे राहते. खारफुटीची वने, नारळी पौर्णिमा, चक्रीवादळात मोडलेल्या होड्या हे सारे आठवते. भोसरीच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या किंवा चाकणला रोज बसने ये-जा करणाऱ्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आज मी आपल्यासमोर मांडू इच्छितो, तो विषय असा की, आपल्या औद्योगिक पट्ट्यालाही स्वतःचा एक किनारा आहे. तेथे मासेमार आहेत, परदेशातून येणारे पक्षी आहेत, आणि ऋतुचक्र बिघडल्याची झळही आहे. हा किनारा आहे शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील उजनी जलाशयाचा. त्याचे भवितव्य मात्र पुष्कळसे आपल्या गटारांच्या तोंडाशी ठरते.

आषाढात देहूहून आणि आळंदीहून पालख्या निघतात, त्या पंढरपुरास पोहोचतात. याच दोन तीर्थक्षेत्रांना स्पर्शून जाणारे इंद्रायणीचे पाणीही पंढरपुरासच जाते, फक्त त्याची वाट निराळी आहे. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते. आपली पवना दापोडीस मुळेत जाते, मुळा पुण्यात मुठेला भेटते, आणि मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेत विसर्जित होते. चाकणच्या उत्तरेकडील भामाही भीमेचीच उपनदी आहे. हे सारे पाणी उजनीच्या भिंतीशी अडते, आणि तेथून सोडले की ते पंढरपूरला चंद्रभागेत पोहोचते. आषाढीच्या सुमारास वारकऱ्यांच्या स्नानासाठी उजनीतून पाणी सोडण्यात येते, हे आपण वृत्तपत्रांत वाचतो. वारकरी ज्या पाण्यात स्नान करतो, त्यातील काही थेंब आपल्या मोरीतून निघालेले असतात, हे मात्र आपण क्वचितच ध्यानात घेतो.

शास्त्रात गेलेली मराठी नावे

या नद्यांतील मत्स्यसंपदा एकेकाळी किती समृद्ध होती, याचा एक सुंदर पुरावा उपलब्ध आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचा अभ्यास केला आणि १८३९ साली अनेक जातींची प्रथमच शास्त्रीय वर्णने दिली. नावे देताना त्याने लॅटिन शब्द शोधण्याऐवजी कित्येकदा येथील मासेमारांच्या तोंडचीच नावे उचलली. ‘कोळस’ हा मासा ‘कोलस’ म्हणून जगाच्या पुस्तकात गेला. दख्खनच्या महासीरला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले, आणि त्याचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर, मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेला होता. ज्या माशाची ओळख जगाला आपल्या नदीवरून झाली, तो मासा त्याच नदीत आज शोधावा लागतो. शाळा न पाहिलेल्या भोई-कोळ्यांचे ज्ञान विज्ञानाने मानले. त्या ज्ञानाचा आधार असलेली नदी मात्र आपण सांभाळली नाही.

देहूच्या डोहातील माशांना देवाचे मासे मानून त्यांना न मारण्याची परंपरा आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर ते एक अभयारण्यच होते, आणि त्याला ना कुंपण लागले ना पहारेकरी. परंतु श्रद्धेने जाळे रोखता येते, रसायन रोखता येत नाही. गेल्या काही वर्षांत इंद्रायणीच्या घाटांवर मेलेले मासे आणि आळंदीजवळ पांढरा फेस आपण पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील नद्यांचे ३११ पट्टे प्रदूषित ठरवले गेले. त्यांतील ५५ पट्टे एकट्या महाराष्ट्रात होते, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. पवना, इंद्रायणी, मुळा, मुठा आणि भीमा या नद्यांची नावे अशा याद्यांत सातत्याने येत राहिली आहेत. भूषणावह अशी ही आघाडी नव्हे.

उजनीचा संसार

उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. त्यासाठी भीमाकाठची अनेक गावे उठली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाण्याखाली गेले. पाणी फार खाली गेले की आजही ते उघडे पडते. ज्यांची काळी कसदार जमीन गेली, त्यांतील काहींना आणि पिढीजात मासेमारी करणाऱ्या भोई-कोळी कुटुंबांना या नव्या जलाशयाने उपजीविका दिली. भिगवणचा मासळीबाजार त्यातूनच नावारूपास आला. पुढे रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागले, कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावर पर्यटक येऊ लागले, आणि काही मासेमारांनी होडीतून पक्षी दाखवण्याचा जोडव्यवसाय धरला. भादलवाडीच्या तलावावर बाभळींवर चित्रबलाक घरटी बांधतात. धरणामुळे उठलेल्या माणसांनी धरणाच्याच काठावर पुन्हा संसार मांडला, ही कर्तृत्वाची गोष्ट आहे.

पण या संसाराच्या अन्नात आता मीठ कमी आणि मळ जास्त झाला आहे. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम अशा माशांच्या जागी जाळ्यात मुख्यतः चिलापी येते. मूळचा आफ्रिकेतील हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. तो वर्षातून अनेकदा पिल्ले घालतो, शेवाळावर जगतो आणि पाण्यात प्राणवायू कमी असला तरी तग धरतो. म्हणजे पाणी जितके बिघडेल, तितके त्याचे फावते. मांगूर या आफ्रिकी माशावर देशात बंदी असूनही उजनीच्या काठावर त्याची चोरटी शेततळी वारंवार उद्ध्वस्त करावी लागली आहेत. ही तळी फुटली की तो मासा जलाशयात शिरतो आणि स्थानिक माशांची पिल्ले फस्त करतो.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे आवश्यक आहे. उजनीवर इतके पक्षी येतात, म्हणजे पाणी चांगलेच असणार, असे अनेकजण म्हणतात. वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. आपल्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे पाण्यातील वनस्पतींचे खतच होय. त्यावर शेवाळ माजते. शेवाळ आणि उथळ चिखलातील सूक्ष्म जीव हे रोहित पक्ष्याचे खाद्य आहे. तेव्हा पक्ष्यांचा थवा हा शुद्धतेचा दाखला मानता येत नाही. दिवसा ऊन असताना शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच तो ओढून घेते, आणि मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरलाही संपतो. म्हणूनच मासे बहुधा पहाटे मरतात. पक्षी उडून जाऊ शकतो. मासा आणि मासेमार या दोघांना ती सोय नाही.

बिघडलेले ऋतुचक्र

या अडचणीत हवामानबदलाने भर घातली आहे. पुण्यातील पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. पाऊस येतो तेव्हा धबधब्यासारखा येतो, आणि दडी मारतो तेव्हा आठवडेच्या आठवडे मारतो.

उजनीचे उदाहरण पाहा. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट, आणि त्यातील जवळजवळ ६४ अब्ज घनफूट हा मृतसाठा. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरलेच नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे साठ टक्क्यांच्या घरात गेला. ‘उणे’ याचा अर्थ असा की, उपयुक्त पाणी केव्हाच संपले आणि मृतसाठ्यातील पाणी उपसले जाऊ लागले. पूर्ण भरलेल्या जलाशयाचा जेमतेम चौथा हिस्सा शिल्लक राहिला. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तेच धरण शंभर टक्के भरले. एकाच वर्षात ही दोन टोके ज्या कुटुंबाला पाहावी लागतात, त्याने जाळे विणायचे कोणत्या हिशेबाने?

पाणी कमी होते तेव्हा आपले सांडपाणी मात्र कमी होत नाही. शहर उन्हाळ्यातही आंघोळ करते, कपडे धुते, कारखाने चालूच असतात. नैसर्गिक प्रवाह आटल्यावर नदीत मुख्यतः आपला मैलाच वाहतो, आणि आटलेल्या जलाशयात तो अधिक दाट होतो. त्यातच, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंश तापमानाला लिटरभर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशाला साडेसातच्या आसपास. म्हणजे ज्या दिवसांत माशाला प्राणवायूची गरज अधिक, त्याच दिवसांत पुरवठा कमी.

पावसाळा आला की दुसरे संकट येते. पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, नदीच्या उथळ भागात अंडी घालतात. चढणीचे मासे हा शब्द आपल्यापैकी गावाकडून आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रोहू-कटल्यासारखे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, त्यांना वाहत्या पुराची चाहूल लागावी लागते. आता पाऊस उशिरा येतो आणि एकदम येतो. गटारांत, नाल्यांत उन्हाळाभर साचलेली घाण पहिल्याच लोंढ्याने नदीत ढकलली जाते. गाभोळीने भरलेली मादी जेव्हा वर चढू पाहते, नेमका तेव्हाच हा विषारी लोंढा खाली येत असतो. आणि त्यातूनही जी वाचते, तिच्यासाठी बंधाऱ्याखाली जाळे लावलेले असतेच.

दोष एकट्या मासेमाराचा नाही

अशा वेळी मासेमाराला दोष देणे सोपे असते. वडापसारख्या बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले काढली जातात, हे खरे आहे आणि ते थांबलेच पाहिजे. परंतु मोठा मासा मिळेनासा झाला म्हणून आस बारीक झाला, आणि आस बारीक झाला म्हणून मोठा मासा मिळेनासा झाला, असे हे दुष्टचक्र आहे. घरात पोरांची फी भरायची आहे, होडीचे कर्ज आहे, आणि पुढची पाच वर्षे दूरदृष्टीने वाग असा उपदेश आपण पोटभर जेवून त्याला करतो! निसर्गरक्षणाचा सारा भार ज्याच्या खांद्यावर सर्वांत कमी मांस आहे त्याच्यावरच टाकणे हा न्याय नव्हे.

कोकण किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस बंदी असते. ती बऱ्याच अंशी पाळली जाते, कारण खवळलेल्या समुद्रात न जाण्याची रूढी आणि नारळी पौर्णिमेचा संस्कार तेथे कायद्याच्या आधीपासून आहे. उजनीवरही विणीच्या हंगामात अशी विश्रांती पाळता येईल. मात्र त्या काळात चूल कशी पेटणार, याचे उत्तर आधी द्यावे लागेल. बंदीच्या काळात गरीब मासेमार कुटुंबांना निर्वाहसाहाय्य देण्याची तरतूद २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत करण्यात आली. अशा तरतुदी अर्जाच्या कागदापासून होडीपर्यंत पोहोचवणे, हे संघटित समाजाचे काम आहे.

समतोल साधता येतो, याचे मोठे उदाहरण ओडिशातील चिलिका सरोवराने घालून दिले. समुद्राशी असलेले मुख गाळाने बुजल्यामुळे तेथील खारेपण घटले, तण माजले, मासे कमी झाले. १९९३ साली ते संकटग्रस्त पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. २००० साली समुद्राकडे नवे मुख उघडण्यात आले, काठच्या मासेमार गावांना सोबत घेऊन काम झाले. काही वर्षांतच मासळीचे उत्पन्न कैक पटींनी वाढले, आणि २००२ साली चिलिका त्या यादीतून बाहेर आले. पाणी सुधारले तेव्हा पक्षी आणि मासेमार यांच्यात कोणाला निवडावे हा प्रश्नच उरला नाही. उजनीच्या बाबतीत हे ‘मुख’ म्हणजे आपल्या नद्या आहेत, आणि त्या उघडायच्या नसून स्वच्छ करायच्या आहेत.

आपल्या शेजारचेही एक उदाहरण आहे. लोणावळ्याला, इंद्रायणीच्या उगमाजवळील वळवणच्या जलाशयाशी, टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून महासीरची बीजपैदास चालवली. साइक्सने नाव दिलेली ती ‘खुद्री’ जात आज जगातून नाहीशी होण्याच्या धोक्याबाहेर मानली जाते, त्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. उद्योग आणि मासा यांचे वैर अटळ नाही, हे याच खोऱ्याने सिद्ध केले आहे.

आपल्या हाती काय आहे?

आता आपल्या कर्तव्याकडे येतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मग मोटारींचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर होती. देशभरातून आलेल्या लाखो कुटुंबांना या नगरीने भाकर दिली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण ज्या नदीने ही नगरी वसवली, तिला आपण परत काय दिले? पुणे शहराचाही यात वाटा आहे, आणि तो लहान नाही. तथापि, दुसऱ्याचा वाटा मोठा असल्याने आपला वाटा शून्य होत नाही.

पहिली गोष्ट सांडपाण्याची. शुद्धीकरण केंद्र आहे, एवढ्याने समाधान मानू नये. मैल्यातील सेंद्रिय घाण कमी करणारे केंद्र नत्र आणि स्फुरद काढतेच असे नाही. त्यासाठी वेगळी योजना करावी लागते. तेव्हा नागरिकांनी नगरसेवकाला ‘केंद्र किती’ एवढेच न विचारता ‘नदीत सोडलेल्या पाण्यात नत्र-स्फुरद किती’ हे विचारावे. शुद्ध केलेले पाणी कारखान्यांनी शीतकरणासाठी, बागांसाठी वापरले तर धरणातून तेवढे कमी उचलावे लागेल. नोव्हेंबर २०१९ पासून या शहरात दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली, हे विसरू नये. उजनीचा मासा वाचवणारा उपाय आपल्या नळाचे पाणीही वाचवतो.

दुसरी गोष्ट लहान उद्योगांची. मुलामा देणारे, धातू धुणारे छोटे कारखानदार बहुधा मोठ्या कंपन्यांचे पुरवठादार असतात. एकट्याने शुद्धीकरण यंत्रणा उभारणे त्यांना झेपत नाही, आणि मग रात्री नाल्यात आम्ल सोडले जाते. सामाईक यंत्रणा उभारणे आणि मोठ्या कंपनीने सुट्या भागाच्या दरातच त्याचा खर्च धरणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे. सुट्या भागाचा दर्जा काटेकोर तपासणारा अभियंता तो बनवताना नाल्यात काय गेले, हेही विचारू शकतो. आपल्यातील कितीतरी जण अशा पदांवर आहेत.

तिसरी गोष्ट नदीच्या जागेची. समुद्रकिनाऱ्यासाठी १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. नद्यांसाठीही महाराष्ट्राने असे धोरण केले होते, पण ते २०१५ साली रद्द करण्यात आले. नदीकाठाला संरक्षण नसले की काय होते, हे आपण पाहिले. १७ मे २०२५ रोजी चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले पाडण्यात आले. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या कुटुंबांचे ते दुःख मोठे होते. पूररेषेचा नकाशा न पाहता घर घेऊ नये, आणि तो नकाशा प्रत्येक प्रभागात लोकांना सहज पाहता यावा, असा आग्रह आपण धरला पाहिजे. अतिवृष्टीच्या दिवसांत नदीने आपली जागा मागितली तर तिचा हक्क नाकारता येत नाही.

चौथी गोष्ट उजनीच्या काठाची. तेथे देशी माशांचे बीज सोडणे, जाळ्याच्या आसाचा नियम मासेमारांच्या संस्थांनीच एकमेकांवर लागू करणे, आणि पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा मासेमारांच्या संमतीने राखणे, हे सारे स्थानिकांच्या पुढाकाराने व्हावे. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर केली जाते. तेथे कीटकनाशके फवारली तर पुढच्या पुरात ती थेट जलाशयात उतरतात, यावरही गावांनी विचार करावा. आपण शहरातून जाऊन त्यांना शिकवायचे नाही, आपला वाटा उचलून मगच त्यांच्याशी बोलायला जायचे आहे.

कार्यकर्त्यांना माझी एक सूचना आहे. प्रत्येक वस्तीतील चार-पाच जणांनी महिन्यातून एक सकाळ नदीला द्यावी. ठरलेल्या घाटावर पाण्याचा रंग, वास, फेस, मेलेले मासे यांची नोंद दिनांकासह वहीत करावी. पाण्यातील प्राणवायू मोजण्याची साधने महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतात, तेथील विद्यार्थ्यांना बरोबर घ्यावे. तक्रार करताना भावना कामी येत नाही, तारीखवार नोंद कामी येते. आणि वर्षातून एकदा ही वही घेऊन कुटुंबासह भिगवणला जावे. रोहित पक्षी अवश्य पाहावेत, पण त्यानंतर लिलाव चालतो तेथे उभे राहून टोपलीत काय आले आहे, तेही पाहावे. मासेमाराशी दोन शब्द बोलावेत. आपली वही आणि त्याची टोपली शेजारी शेजारी ठेवली की कोणत्याही अहवालाहून स्पष्ट उत्तर मिळेल.

समाज एक आहे, असे आपण नेहमी म्हणतो. नदीच्या वरच्या अंगाला राहणारा आणि खालच्या अंगाला राहणारा यांच्यातील व्यवहार हीच त्या वाक्याची कसोटी आहे. खालच्याला वरच्याचे पाणी नाकारण्याची मुभा नसते. म्हणून ते कसे द्यायचे याची जबाबदारी सर्वस्वी वरच्याची असते. या खोऱ्यात वरच्या अंगाला आपण आहोत.